लोणावळ्याचा मुका सिकाडा

एका उन्हाळ्यात, जेमतेम दोन महिने, मी नव्या कीटकाचा शोध लावलेला माणूस होतो. त्या दोन महिन्यांत माझी चालसुद्धा बदलली होती, असं माझी बायको पुढे कितीतरी वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असे. मी तिच्यावर चिडत असे, कारण ते खरं होतं.

हा कीटक म्हणजे सिकाडा. चैत्र सरता सरता झाडांवरून भर दुपारी कानठळ्या बसतील असा ओरडतो तो. लोक त्याला रातकिडा म्हणून मोकळे होतात. रातकिडा वेगळा. तो पंखाला पंख घासून आवाज करतो आणि अंधार पडल्यावर बोलतो. सिकाडा दिवसाचा गडी. नराच्या पोटाच्या दोन्ही बाजूंना ताणलेले बारीक पापुद्रे असतात. ते तो आतल्या स्नायूंनी भराभर आत-बाहेर करतो आणि पोट आतून पोकळ असल्याने तो आवाज ढोलासारखा घुमतो. मादी गप्प असते. पिल्लं जमिनीखाली झाडाच्या मुळांचा रस पीत वर्षंच्या वर्षं काढतात. मग एक दिवस वर येतात, झुडपावर चढतात, पाठीवर उलतात, आणि कात फांदीला चिकटलेली सोडून पंखवाला किडा बाहेर पडतो. उजेडातलं त्याचं आयुष्य मग काही आठवड्यांचं. एवढं सगळं मला तेव्हा पुस्तकातून पाठ होतं, म्हणून पुढची फजिती जास्तच लागली.

मी तळेगावला शाळामास्तर होतो आणि पुण्याच्या एका प्राध्यापकांच्या हाताखाली सिकाड्यांवर प्रबंध लिहीत होतो. दुसऱ्या महायुद्धाआधीची दोन-तीन वर्षं असतील. तळेगावजवळच्या इंदुरीपासून खंडाळ्यापर्यंतच्या पट्ट्यात सिकाड्यांच्या किती जाती आहेत, त्या एकमेकींपासून कशा फुटल्या असाव्यात, हा विषय. जाती ठरवायच्या त्या पंखांवरच्या शिरा, अंगावरचे डाग, पोटाखालची झाकणं आणि नराचा आवाज यांवरून. प्राध्यापक कडक होते. कागदावर लाल पेन्सिल चालवताना ते श्वाससुद्धा घेत नसत, निदान मला तसं वाटायचं. पण माणूस न्यायी होता. त्यांच्या कॉलेजात व्याख्यात्याची एक जागा रिकामी व्हायची होती आणि हातात काही नवं असेल तर ते माझं नाव सुचवणार होते. शाळेत मी वर्षानुवर्षं तोच बेडूक फाडत आलो होतो. मला ती जागा फार हवी होती.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी खंडाळ्याला शिकवणी धरली होती. मुंबईच्या एका कुटुंबाने हवा खाण्यासाठी बंगला घेतला होता आणि त्यांच्या दोन मुलींचं गणित कच्चं राहिलं होतं. शिकवणी सकाळी नऊला सुरू होई ती तिसऱ्या प्रहरापर्यंत चाले. मी तळेगावहून पहिली गाडी पकडायचो, लोणावळ्याला उतरायचो आणि रानातून चालत खंडाळ्याकडे निघायचो. वाटेत दोन-अडीच तास मिळत. करवंदीच्या जाळ्यांवर, गवताच्या काड्यांवर सिकाडे बसलेले असत आणि हाताने उचलावेत तसे उचलता येत. पळत नसत, फडफडत नसत. मला वाटायचं, माझा हात हलका आहे. नऊच्या आधी डबा बंद करून मी बंगल्याच्या फाटकात हजर.

रविवार मोकळा. रविवारी मी इंदुरीला जायचो, तेही जेवूनखाऊन, कारण आठवड्यातून एकदा तरी माणसाने उजाडल्यावर उठावं असं माझं मत होतं. नदीकाठच्या झाडांवर उंच बसलेले सिकाडे मी लांब बांबूच्या टोकाला वडाचा चीक लावून पकडायचो. ते काळपट तपकिरी असत. पंखांवर गडद डाग. पकडताना हातात असे काही ओरडत की बांबू टाकून द्यावासा वाटे.

आता लोणावळ्याचे. लोणावळ्याचे हिरवे होते. फिकट, पोपटी, दुधात हिरवा रंग कालवावा तसे. पंख जवळजवळ पारदर्शक, डाग नाहीत. आकार, शिरा, झाकणं हुबेहूब इंदुरीच्यासारखी. आणि ओरडत नसत. साठेक नर पकडले असतील, त्यातला एकही ओरडला नाही. मुठीत धरा, पायाला चिमटा काढा, एक आवाज नाही. दुपारी खंडाळ्याच्या झाडांवरून कलकलाट चालू असे, पण तो उंचावरच्या काळ्यांचा, हे मी ठरवून टाकलं होतं. एका गळून पडलेल्या काळ्याने तशी साक्षही दिली होती.

मग मी एक सिद्धांत रचला. अजून आठवला की कान गरम होतात. घाटमाथ्याला पाऊस उदंड, झाडी दाट, पाखरंही फार. तिथे जो ओरडेल तो पाखराच्या पोटात जाईल. म्हणून पिढ्यान् पिढ्या गप्प राहणारे वाचले, हिरवे असणारे पानांत लपले, आणि हळूहळू एक वेगळी जात तयार झाली, हिरवी आणि मुकी. मावळात उतरलं की रान उघडं, साली काळपट. तिथले काळे राहिले आणि ओरडत राहिले. खंडाळ्याच्या उंचावरचे काळे यात कुठे बसतात, हे मी स्वतःला विचारलंच नाही. उत्क्रांतीचं एवढं सुबक उदाहरण अवघ्या काही मैलांत सापडलेलं पाहून मी स्वतःवरच खूष झालो.

प्राध्यापकांनी भिंगाखाली माझा हिरवा नर बराच वेळ पाहिला. त्यांनी एकच प्रश्न विचारला. याच्या पोटाला पापुद्रे आहेत, स्नायू आहेत, पोट पोकळ आहे, सगळी वाजंत्री जागच्या जागी आहे, मग हा वाजवत का नाही? माझं उत्तर तयार होतं. ते पूर्वजांचे अवशेष आहेत, माणसाच्या माकडहाडासारखे. प्राध्यापक म्हणाले की वर्णन लिहून आणा, महिनाअखेरीस नमुने परदेशातल्या संग्रहालयाकडे रवाना करू. त्या दिवशी पुण्याहून तळेगावला मी गाडीने आलो की तरंगत, मला सांगता येणार नाही.

नव्या जातीला नाव काय द्यावं यावर मी आठवडा घालवला. प्राध्यापकांचं नाव द्यायचं जवळपास ठरलं होतं. बायको म्हणाली की माझंच द्या, मुक्या प्राण्याला बायकोचं नाव दिलेलं पाहून लोकांना वाटेल ही बाई फार बोलत नाही. घरात तेव्हा पापडाच्या डब्यातसुद्धा टाचणीला लावलेले सिकाडे होते आणि सगळ्या कपड्यांना डांबराच्या गोळ्यांचा वास मारत होता, त्यामुळे तिला बोलायचा पुरेपूर हक्क होता.

लोणावळ्याच्या माझ्या वाटेवर एक मावशी रोज भेटायच्या. डोंगराकडेच्या वाडीतल्या शेतकरी बाई, पन्नाशी उलटलेली असेल. सकाळी करवंदं तोडायची, पाटी भरली की बंगल्यांवर विकायला न्यायची, हा त्यांचा क्रम. पहिले पंधरा दिवस त्या मला नुसत्या बघत होत्या. मोठा माणूस पहाटे उठून किडे गोळा करतो म्हणजे कुणीतरी करणी केली असणार, असं त्यांना वाटलं होतं, हे त्यांनीच नंतर सांगितलं. पुढे ओळख झाली. मी त्यांना मावशी म्हणायचो, त्या मला मास्तर.

एके दिवशी बंगल्यावरचे लोक लग्नाला मुंबईला गेले आणि मला सुट्टी मिळाली. मी घाईत नव्हतो, म्हणून मावशींजवळ टेकलो आणि डबा उघडून माझा पराक्रम सांगितला. हा किडा फक्त तुमच्या रानात आहे, जगात दुसरीकडे कुठे नाही, आणि हा मुका आहे. मावशींनी डब्यात डोकावलं. मग माझ्याकडे बघितलं. हसू दाबायचा त्यांनी प्रामाणिक प्रयत्न केला.

"मास्तर, ह्यो मुका न्हाई. ह्यो अजून ओला हाय. दुपारपातूर बसा हितं, मंग बघा."

मला राग आला. माझा राग लवकर येतो आणि आवाजात उतरतो. मी त्यांना पंखांच्या शिरा, पोटाची झाकणं, काय काय ऐकवलं. त्यांनी ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग राबाचं सांगितलं. भाताची रोपं टाकायची जमीन आधी डहाळ्या-पाला पसरून भाजतात, तो राब. त्यांच्या वाडीत राब कधी सकाळी पेटवत नसत. सकाळी बायका राबाच्या कडेने फिरायच्या आणि काडीकाडीवर बसलेले हे हिरवे किडे अलगद उचलून बांधापलीकडे ठेवायच्या. मातीतून नुकते वर आलेले, अंग ओलं, पंख मऊ, उडता येत नाही. दुपारपर्यंत वाळतात, काळे पडतात आणि आपले आपण उडून जातात. मग आग लावायची. ओल्या बाळंतिणीला कुणी उन्हात काढतं का, असं त्यांनी मला विचारलं. त्यांच्या आईने तसं केलं होतं, आजीने केलं होतं. त्यात शोध लावण्यासारखं काही आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं.

त्या पाटी उचलून गेल्या. मी फणकाऱ्यात उठलो आणि पुन्हा खाली बसलो. समोर करवंदीवर एक नुकताच बाहेर आलेला होता, शेजारी त्याची कात. त्याच्यावर मी छत्री उघडून धरली, पाखरांनी नेऊ नये म्हणून, आणि घड्याळ काढून वहीत लिहायला लागलो. आठ वाजता तो माझ्या डब्यातल्या साठांसारखाच होता. नऊ वाजता, म्हणजे मी रोज जिथे पाठ फिरवून बंगल्यात शिरायचो त्या वेळेला, पाठीवर चहाच्या डागाएवढी एक छटा आली. दहाला पंखांच्या शिरा गडद झाल्या. अकराला पंखांवर डाग उमटू लागले, एकामागून एक, इंदुरीच्या डागांसारखे, त्याच जागी, तेवढेच. मी छत्री धरून बसलो होतो आणि माझ्या डोळ्यांसमोर माझी नवी जात जुनी होत होती. बारा वाजून गेल्यावर तो काळपट तपकिरी किडा दोन पावलं चालला आणि उडाला.

मला लगेच कृतज्ञता वाटली असं लिहायला आवडलं असतं. तसं झालं नाही. मला आधी मावशींचा राग आला, मग पहिल्या गाडीचा, मग त्या दोन मुलींच्या गणिताचा. रोज नऊच्या आत मी लोणावळ्याला जे पकडलं ते सगळं ओलं होतं आणि इंदुरीला जेवून गेल्यावर जे पकडलं ते वाळलेलं. मी दोन जाती शोधल्या नव्हत्या, दोन वेळा शोधल्या होत्या.

तरीही मनाचा एक कोपरा अजून भांडत होता. रंग बदलतो, ठीक. पण आवाज? उडून गेलेला ओरडला कुठे? तो मुका नाही कशावरून? संध्याकाळी मावशी पुन्हा वाटेवर भेटल्या तेव्हा मी तेच विचारलं. गायला अजून चार दिवस जातील, त्या म्हणाल्या, अंग आतून वाळावं लागतं. मी घरी आलो आणि बायकोची मच्छरदाणी कापली. त्याबद्दल काय ऐकून घेतलं ते इथे लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे पाच हिरवे नर वाटेवरच्या एका आंब्याच्या खालच्या फांदीवर ठेवले आणि पानांसकट ती फांदी मच्छरदाणीच्या कापडात बांधून टाकली, म्हणजे त्यांना रस प्यायला मिळेल आणि पळता येणार नाही.

दुपारी मी शिकवणीत अडकलेला. तेव्हा फांदीखाली बसण्याचं काम मावशींनी आपणहून घेतलं. पाटी विकून झाली की त्या तिथे येऊन बसत. मी रोज फाटकाकडे डोळे लावून बीजगणित शिकवत होतो आणि मनातून, खरं सांगतो, त्यांनी येऊ नये अशी इच्छा करत होतो. चार दिवस आल्या नाहीत. पाचव्या दिवशी दुपारी व्हरांड्याच्या पायरीशी येऊन त्या उभ्या राहिल्या. पाटी रिकामी होती, धाप लागली होती.

"चला मास्तर. तुमचा मुका बोलाया लागला."

मी खडू टाकून निघालो. मुलीही मागून आल्या, त्यांना गणितातून सुटायचं होतं. आंब्याच्या बऱ्याच अलीकडे आवाज कानावर आला. वरच्या फांद्यांवरूनही येत होता, पण एक आवाज खालून, कापडातून येत होता, आणि जवळ गेल्यावर कापड थरथरताना दिसत होतं. मी कान लावला. आत माझा लोणावळ्याचा मुका सिकाडा इंदुरीच्या सुरात, इंदुरीच्याच चढ-उतारात, पोट हलवत ओरडत होता. मावशी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांनी एवढंच केलं की मुलींना गप्प राहायची खूण केली. माझ्या डोळ्यांत पाणी आलेलं त्यांनी पाहिलं आणि दुसरीकडे बघितलं. मी कापड सोडलं. पाचही उडाले.

मी वही घेऊन पुण्याची गाडी पकडली. नमुने रवाना व्हायला चार दिवस उरले होते. गप्प बसलो असतो तर कुणाला कळलं नसतं. निदान ती जागा पदरात पडेपर्यंत तरी नाही. मला हा विचार शिवला, एकदा नाही, शिवाजीनगर येईपर्यंत शिवत राहिला. पण त्या फांदीखाली रणरणत्या दुपारी पाच दिवस बसलेली बाई आठवली की मला तो विचार पुरता करता येईना. मी प्राध्यापकांपुढे वही ठेवली. घड्याळाची पानं, मग फांदीची. त्यांनी सगळं वाचलं, लाल पेन्सिल न उचलता. मग उठून स्वतःच्या कपाटातून एक पेटी काढली, त्यांनी स्वतः कधीकाळी वेगळी जात म्हणून ठेवलेल्या तिच्यातल्या दोन फिकट किड्यांकडे पाहिलं आणि त्यांच्याखालच्या नावाच्या चिठ्ठ्या काढून खिशात घातल्या. ती जागा आता तुम्हाला मिळणार नाही, ते म्हणाले, पण प्रबंध लिहा, कारण आता तुमच्याकडे लिहिण्यासारखं काही आहे. कातेतून निघाल्यापासून गाणं सुरू होईपर्यंत सिकाडा कसकसा बदलतो, आणि एकाच वेळेला नमुने गोळा करणारा माणूस कसा फसतो, यावर मी लिहिलं. जागा दुसऱ्याला मिळाली. मी तळेगावलाच राहिलो आणि बेडूक फाडत राहिलो. वाईट वाटलं नाही असं नाही, पण आज मागे वळून बघताना सर्वांत जास्त आभार मला त्या पाच दिवसांचेच मानावेसे वाटतात. खोट्या नावावर आयुष्यभर बसून राहायची पाळी माझ्यावर आली नाही, ती एका करवंदं विकणाऱ्या बाईमुळे.

प्रबंधाच्या आभाराच्या पानावर मी 'लोणावळ्याच्या एक मावशी' असं लिहिलं होतं. प्राध्यापकांनी नाव विचारलं. मला माहीत नव्हतं. एका किड्याला नाव द्यायचं म्हणून आठवडा घालवणाऱ्या माणसाने त्यांना नाव विचारलंच नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात मी मुद्दाम त्या वाटेवर गेलो. मावशी होत्या. नाव सांगताना लाजल्या. ते प्रबंधात आहे. इथे त्यांना विचारल्याशिवाय पुन्हा कशाला छापू?

प्रबंध इंग्रजीत होता, म्हणून आभाराचं पान मी त्यांना मराठीत करून सांगितलं. त्यांना त्याचं फारसं काही वाटलं नाही. पानं किती जाड आहेत ते त्यांनी बोटांनी चाचपून पाहिलं. मग विचारलं,

"आनि डब्यातल्यांचं काय लिवलंय?"

मी म्हटलं की त्यांचा तक्ता दिला आहे, कुठे पकडला, किती वाजता पकडला, सगळं.

"त्ये न्हाई. इतकी वरसं मातीत काढली त्यांनी. वरडायच्या आदीच गेली. त्ये लिवलंय का?"

लिहिलं नव्हतं. साठांच्या साठ मी स्वतःच्या हाताने डब्यात टाकले होते आणि त्यांच्या गप्प राहण्याचा सिद्धांत केला होता, पण हे मला एकदाही सुचलं नव्हतं. मी तसाच पुण्याला गेलो. प्रबंध बांधणीला जायचा होता. तक्त्याच्या खाली शाईने एक ओळ वाढवली, की हे सर्व नर गाण्याच्या वयाला पोचण्याआधी मारले गेले आणि ते मुके नव्हते. प्राध्यापकांनी ती ओळ वाचली, लाल पेन्सिल उचलली, जरा वेळ हातात धरली आणि खाली ठेवली.